एकोणिसाव्या शतकातला जमीनधारक पूर्वज शोधताना : सातबाऱ्यापासून पेशवे दफ्तरापर्यंतची वाट

महसुली कागदांत पूर्वज शोधायचा तर माग जमिनीचा काढावा, नावाचा काढू नये. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत आडनाव बहुधा लिहिलेले नसते. ‘रामजी बिन सखोजी पाटील’ असे दिसले तर त्यातला ‘पाटील’ हा हुद्दा असू शकतो, घराण्याची ओळख असू शकते किंवा तो माणूस पाटलाच्या भाऊबंदांपैकी कुणीही असू शकतो. त्यातच आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एकाच गावात पन्नास वर्षांच्या अंतराने दोन रामजी आणि दोन सखोजी सहज सापडतात. शेत मात्र जागचे हलत नाही. त्याचा नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे ठरलेला सारा) आणि चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दी) एकदा हातात आल्या की त्या शेतावर कोण कोण बसला हे पिढीमागून पिढी मागे नेता येते.

पुढची माहिती मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या रयतवारी (म्हणजे रयतेकडून थेट सारा घेणाऱ्या) जिल्ह्यांची आहे, म्हणजे पुणे, सातारा, नगर, सोलापूर, नाशिक, खानदेश. कोकण, विदर्भ आणि मराठवाडा यांचे वेगळेपण शेवटी दिले आहे.

घरातून काय घेऊन निघावे

गाव, तालुका आणि शेताचे बोलीतले नाव या तीन गोष्टी पक्क्या करा. ‘थोरला मळा’, ‘खळ्याचं रान’, ‘देवीची पट्टी’ अशी नावे म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात आणि जुन्या खतांत, म्हणजे दस्तांत, तीच लिहिलेली असतात. लगतचे शेत कुणाचे, ओढा कोणत्या अंगाला, विहिरीत कोणाकोणाचा हिस्सा, हेही लिहून घ्या. ट्रंकेतले कागद बाहेर काढताना महसुलाच्या पावत्याही फेकू नका. पावतीवर खाते क्रमांक असतो.

तालुका आणि जिल्हा त्या काळचा धरायचा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, वाळवा भागाचे जुने कागद ‘सातारा’ म्हणून लावलेले असतात, कारण दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. खानदेश १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. रायगडचे कागद ‘कुलाबा’ नावाखाली पाहावे लागतात. गाव संस्थानात होते का हेही आधी तपासा. औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सांगली, मिरज, कोल्हापूर या संस्थानांची दफ्तरे वेगळी होती आणि इंग्रजी मुलखातले मोजणीचे सन त्यांना लागू पडत नाहीत.

गट नंबरातून सर्व्हे नंबरात

बहुतेकांची गाडी इथेच रुतते. आजच्या सातबाऱ्यावर दिसतो तो गट नंबर. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण करण्याचा कायदा १९४७ चा. तो गावोगाव लागू होत गेला तशा विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून गट पाडले गेले. तसे करताना खातेदारांच्या जमिनींची अदलाबदल झाली. म्हणून आज तुमच्या कुटुंबाच्या नावावर असलेला गट तुमच्या पणजोबांनी कधी कसलेलाच नसेल, असे होऊ शकते. गट नंबरावरून थेट मागे गेलात तर दुसऱ्याच घराण्याचा इतिहास हाती येतो आणि कागद सगळे खरे असल्यामुळे चूक लवकर कळतही नाही.

त्यासाठी एकत्रीकरण योजनेचा उतारा मागा. कार्यालयात त्याला ‘नऊ तीन, नऊ चार’ म्हणतात. त्यात प्रत्येक खातेदाराची योजनेपूर्वीची जमीन आणि योजनेनंतर मिळालेली जमीन दिलेली असते. आपल्याला ‘पूर्वीची’ हवी. तो उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळतो. जोडीला तहसीलच्या अभिलेख कक्षातून एकत्रीकरणाच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांचे हस्तलिखित सातबारे काढा. दोन्हींतले सर्व्हे नंबर जुळले की पाया पक्का झाला. अनेक जिल्ह्यांतले असे जुने सातबारे आणि फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) स्कॅन करून महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘ई-अभिलेख’ म्हणून ठेवले आहेत. कचेरीत जाण्याआधी तिथे पाहिले तर एखादी खेप वाचते.

नंबर जुळवताना क्षेत्र आणि आकार दोन्ही पाहा. जुने क्षेत्र एकर-गुंठे-आणे यांत असते: १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. नवे क्षेत्र हेक्टर-आर यांत. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. जुना आकार रुपये-आणे-पै यांत असतो. ३ रुपये ८ आणे आकाराची जमीन पुढे साडेतीन रुपयांची दिसेल. क्षेत्रात थोडा फरक आला तर आधी पोटखराबा, म्हणजे शेतातली लागवडीला न येणारी जमीन, बघा. तो कधी एकूण क्षेत्रात धरलेला असतो, कधी वेगळा दाखवलेला असतो.

फेरफाराची साखळी

हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. नाव कंसात असेल तर ते कमी झालेले आहे. शोध घेणाऱ्याला हीच कंसातली नावे जास्त उपयोगी. प्रत्येक आकड्याचा गाव नमुना ६ मधला, म्हणजे गावच्या फेरफार नोंदवहीतला, उतारा काढा. त्यात हक्क कसा आला ते लिहिलेले असते: वारसाने, वाटपाने, खरेदीने, गहाण सुटून, बक्षिसाने किंवा कोर्टाच्या हुकुमाने. वारसाच्या नोंदीत मयताचे नाव, मृत्यूचा काळ आणि वारसांची नावे येतात. जुन्या नोंदींत मुलींची नावे पुष्कळदा गाळलेली असतात, म्हणून या यादीला पूर्ण वंशावळ समजू नये. नामंजूर झालेल्या नोंदीही वाचा. भावाभावांत वाद होऊन नोंद रद्द झाली असेल, तर तिथल्या जबाबांत नाती स्पष्ट लिहिलेली मिळतात.

काही संक्षेप ओळखीचे करून घ्या. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर वा कर्ता. त्या एका नावामागे चार भावांची जमीन असते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पाठीमागे लहान मूल आहे आणि बाप बहुधा वारला आहे, असे समजून त्या सुमाराची मृत्यूची नोंद शोधावी. ‘बिन’ आणि ‘वलद’ यांच्यापुढे बापाचे नाव येते, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ यांच्यापुढे नवऱ्याचे. स्त्री खातेदार दिसली की थांबून वाचा. दत्तकापूर्वीची विधवा, माहेरचा हिस्सा, सासऱ्याने लावलेले नाव, यांतला प्रत्येक पर्याय वंशावळीला वेगळे वळण देतो.

ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, तो १९१३ मध्ये जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. त्या काळात तयार झालेल्या जुन्या हक्कपत्रकाला तहसीलात ‘कडईपत्रक’ म्हणतात, म्हणजे क-ड-ई पत्रक. तेच मागा. १८७०-८० च्या सुमारास जन्मलेली माणसे त्यात खातेदार म्हणून भेटतात आणि त्यांच्या बापाचे नाव तुम्हाला पुढच्या दारापर्यंत नेते.

मूळ मोजणीचे कागद

गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये ज्या पद्धतीने मोजणी आणि आकारणी केली, ती पुढे तालुक्यामागून तालुका पसरली. आकारणी तीस वर्षांसाठी ठरवलेली असे, त्यानंतर फेरमोजणी. त्यामुळे एका गावाचे निदान दोन वेळचे चित्र मिळू शकते, त्यांत एका पिढीचे अंतर. मागायचे कागद असे: शेतवारपत्रक, सूडपत्रक, आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि सारा), टिपण, गुणाकार बुक आणि जुना गावनकाशा. सगळे भूमी अभिलेख कार्यालयाच्या ताब्यात असतात. माणसाचे नाव हवे असेल तर शेतवारपत्रक आणि सूडपत्रक कामाचे. टिपण आणि गुणाकार बुक शेताची आकृती, लांबी-रुंदी सांगतात. त्यांचा उपयोग नंबर पडताळण्यापुरता. फेरमोजणीत काही गावांचे नंबर बदलले आहेत, म्हणून अर्जात ‘जुन्या-नव्या नंबरांचा ताळा असलेले पत्रक’ असे स्पष्ट लिहा. नाहीतर १८७० च्या नंबराने १८४० चे दुसरेच शेत हाती येईल.

या कागदांचे एक मर्म समजून घेतले पाहिजे. सर्व्हे नंबर ठरवताना साधारण एका बैलजोडीच्या आवाक्यातले रान एका नंबरात धरले गेले. छोटी शेते त्यात एकत्र घातली गेली आणि सरकारने सारा भरायला जबाबदार असा एकच कबजेदार लिहून घेतला. बाकीचे हिस्सेदार कागदावर आलेच नाहीत. ते दिसू लागतात पोटहिस्से, म्हणजे एका नंबरातले वेगवेगळे वाटे, मोजले गेल्यावर, विसाव्या शतकात. म्हणून १८५० च्या पत्रकात तुमच्या पूर्वजाचे नाव नसेल तर ‘त्याची जमीन नव्हती’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्या नंबराचे पुढचे पोटहिस्सेदार कोण आहेत ते बघा, मग त्यांचे लिहिलेल्या कबजेदाराशी नाते शोधा. उलट बाजूही तितकीच खरी. कबजेदार म्हणून लिहिलेला माणूस नांगर धरणारा असेलच असे नाही.

नकलेच्या अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, कागदाचे नेमके नाव आणि सन ‘पासून-पर्यंत’ लिहा. ‘आमच्या पूर्वजांचे सर्व जुने कागद मिळावेत’ अशा अर्जावर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर येते, आणि त्यात कारकुनाचा दोष नसतो. कपाटातली बांधणी गाववार आणि कागदाच्या प्रकारानुसार असते, माणसाच्या नावाने काहीच लावलेले नसते. जमले तर फक्त आपला नंबर न मागता पूर्ण गावाचे पत्रक पाहण्याची परवानगी मागा. भाऊबंद शेजारच्या नंबरांतच बसलेले असतात.

जमीन इनामी किंवा वतनी असेल तर

इथे कागदांची श्रीमंती एकदम वाढते. सातबाऱ्यावर किंवा जुन्या फेरफारात ‘इनाम वर्ग’ दिसला, जुडीचा (इनामावरच्या सवलतीच्या साऱ्याचा) उल्लेख आला किंवा १९५० नंतर वतन (पिढीजात हुद्दा आणि त्याबद्दलची जमीन) खालसा, म्हणजे सरकारजमा, होऊन जमीन रीग्रँट झाल्याची (पुन्हा दिल्याची) नोंद मिळाली, तर गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातले ॲलिनेशन रजिस्टर मागा. वर्ग १ सरंजाम, वर्ग २ जात (व्यक्तिगत) इनाम, वर्ग ३ देवस्थान. त्यापुढे परगण्याची आणि गावची वतने. खालसा करण्याचे कायदेही वेगवेगळे आहेत: परगणा व कुलकर्णी वतनांसाठी १९५० चा, जात इनामांसाठी १९५२ चा, कनिष्ठ गाववतनांसाठी १९५८ चा, मुलकी पाटलांसाठी १९६२ चा. आपल्या फेरफारात कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे यावरून मूळ वतन कोणते ते कळते.

वतनदारांसाठी १८७४ चा वतन कायदा महत्त्वाचा. कोणत्या वतनात कोण तक्षिमदार (वाटेकरी) आणि चाकरी कोण करणार हे त्याखाली नोंदवले गेले, आणि त्यासाठी शाखावार वंशावळी तयार झाल्या. वतनाची पाळी बदलताना झालेल्या चौकशीचे कागद मिळाले तर पाच-सहा पिढ्या एका तक्त्यावर दिसतात.

त्याआधीचा मोठा साठा इनाम कमिशनचा. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची कसून चौकशी झाली. किती वर्षांचा आणि कितव्या पिढीचा उपभोग यावर इनाम चालू ठेवायचे की खालसा करायचे हे ठरत असल्यामुळे प्रत्येक इनामदाराला कैफियत (लेखी हकीकत), सनदांच्या नकला आणि वंशावळ द्यावी लागली. तोच कागद आज आपल्याला मिळतो. मात्र तो वाचताना देणाऱ्याची गरज लक्षात ठेवा. उपभोग जितका जुना दाखवता येईल तितके इनाम टिकण्याची आशा जास्त. कैफियतीतल्या शेवटच्या तीन पिढ्या बहुधा भरवशाच्या असतात, कारण गावाला त्या माहीत होत्या. त्यामागच्या पिढ्या स्वतंत्र कागदाने सिद्ध होईपर्यंत पेन्सिलीनेच लिहाव्यात. दत्तकाला ‘पुत्र’ म्हटलेले असू शकते, हेही ध्यानात असू द्या. १८६३ च्या कायद्यांनी पुढे तडजोडीने इनामे कायम केली. त्या वेळी दिलेल्या सनदा अजून घरोघरी सापडतात. सनदेवरचा क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहा.

इनाम कमिशनचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पुणे पुरालेखागारात, म्हणजे लोक ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात तिथे आहेत. प्रांत अजमास, घडणी, रोजकीर्द, जमाव असे विभाग, आणि त्यात प्रांतवार रुमाल. सामान्य रयतेसाठी प्रांत अजमास धरावा, सरदार-सरंजामदारांसाठी घडणी आणि इनाम कमिशन. जाण्यापूर्वी गाव कोणत्या प्रांतात, परगण्यात आणि तर्फेत होते ते काढून ठेवा. त्याशिवाय याद्या चाळणे व्यर्थ. अर्ज, ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिलेला असावा. रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक दोन्ही टिपा. नुसता रुमाल टिपला तर तोच कागद पुन्हा शोधायला दिवस जातो.

खते, गहाणे आणि दावे

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराचे दस्त १८६४ च्या कायद्यापासून सक्तीने नोंदवले जाऊ लागले. दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स १ माणसांच्या नावाने आणि इंडेक्स २ मिळकतीच्या गावाने असतो. तुमच्याजवळ सर्व्हे नंबर आहे, म्हणून आधी इंडेक्स २ पाहा. खतातली चतुःसीमा शब्दशः उतरवून घ्या. पूर्वेला ज्याचे शेत सांगितले आहे तो पुष्कळदा चुलत भाऊ निघतो.

पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना आणखी एक देणगी आहे. मे १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा आला. त्याने शेतकऱ्याचा दस्त गाव-निबंधकासमोर होणे भाग पाडले. त्यामुळे शंभर रुपयांखालचे छोटे व्यवहारही नोंदले गेले, आणि ज्याचे नाव एरवी कुठे आले नसते अशा अल्पभूधारकाचे बापाचे नाव, वस्ती आणि कर्जाचे कारण सापडू शकते.

याच काळातला एक फसवा प्रकार म्हणजे मुदत खरेदी, ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत करायच्या बोलीने केलेली विक्री. पूर्वज खात्यावरून नाहीसा होतो आणि सावकाराचे नाव लागते. पण माणूस त्याच शेतावर कूळ म्हणून राबत असतो. दहा-वीस वर्षांनी नाव परत आले तर तो परका माणूस समजू नका. दोन्ही खते मिळवा.

वाटप, दत्तक आणि वतनाचे दावे वरपर्यंत गेले असतील तर मुंबई उच्च न्यायालयाचे छापील निवाडे बघा. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका १८७६ पासूनची आहे. निवाड्यात वंशावळ छापलेली असते. नावे इंग्रजी स्पेलिंगात असल्याने एकाच नावाची तीन-चार रूपे करून शोधावे लागते.

हाच तो माणूस, हे कसे ठरवायचे

निदान तीन गोष्टी जुळाव्यात: बापाचे नाव, सर्व्हे नंबर किंवा चतुःसीमा, आणि काळ. पैकी दोनच जुळत असतील तर ‘संभाव्य’ लिहा. महसुलाबाहेरचा पुरावा इथे निर्णायक ठरतो. गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे तपासा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे असे पुष्कळ कागद जिल्हावार स्कॅन झाले आहेत; शोध जातीच्या दाखल्याचा नसला तरी त्यांचा लाभ घ्यावा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बाप-आजा-भावांची नावे असतात. महसुलाशी त्या नोंदीचा काही संबंध नसतो, म्हणून तिची साक्ष मोलाची. दक्षिण महाराष्ट्रात हेळवींकडेही, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्यांकडेही, वंशावळी मिळतात.

मोडी आणि सन

एकोणिसाव्या शतकातले देशी कागद मोडीत आहेत. स्वतः वाचायचे ठरवलेत तर आधी आकडे, महिने आणि गावाची नावे ओळखायला शिका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेणार असाल तर गावातली आडनावे, देवस्थाने आणि शेतांची नावे यांची यादी सोबत द्या. वाचनातल्या बहुतेक चुका विशेषनामांतच होतात.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चच्या तिथींना ७९. फसली या महसुली सनात ५९०, आणि जूनमध्ये वर्ष बदलत असल्यामुळे जानेवारीनंतर ५९१. अरबी, म्हणजे सुहूर सनात ५९९ किंवा ६००. तो शब्दांत लिहितात आणि एककापासून वाचतात: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे १, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७१, इसवी १७७०-७१. मुंबई इलाख्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होई, म्हणून ‘१८८०-८१’ चा मृत्यू १८८० मध्येच झाला असे धरू नये.

इतर प्रांतांत

रत्नागिरीकडच्या खोती गावांत (जिथे गावचा सारा खोत वसूल करी) १८८० च्या खोती कायद्यानंतरची बोटखते शोधा. धारेकरी आणि कुळे त्यांतच कळतात. वऱ्हाडात रयतवारी पद्धतच आली, पण नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरत असे. तिथे मिसल बंदोबस्त (आकारणीचे गाववार कागद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या चालीरीतींची नोंद) आणि अधिकार अभिलेख पंजी मागाव्या. मालगुजाराचे नाव गावाच्या मालकाचे असते, शेत कसणाऱ्याचे वेगळ्या पानावर. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा पहिला टप्पा, त्यामागे निजामी शेतवार आणि उर्दू कागद. इनाम असेल तर मुंतखबाची, म्हणजे इनाम कायम केल्याच्या निजामी दाखल्याची, नक्कल शोधावी. वरच्या पातळीचे निजामी कागद हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य पुरालेखागारात आहेत. तिथे गावाचे नाव उर्दूत कसे लिहिले जाई ते आधी कुणाकडून तरी लिहून घेऊन जावे. नुक्ता इकडचा तिकडे झाला की यादीत गाव सापडत नाही.